साडूचा अ‍ॅव्हरेज

"यंदा पाचाडला मामा माझ्याच गाडीवर बसून जाणार. लिहून ठेव," मुरारीने भाकरीचा तुकडा मोडता मोडता बायकोला ठणकावून सांगितलं.

सेजलने लिहून वगैरे काही ठेवलं नाही. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मागल्या वर्षी पण असंच बोललात."

"मागल्या वर्षीची गोष्ट वेगळी."

"त्याच्या मागल्या वर्षी पण."

बायकोची स्मरणशक्ती चांगली असली की नवऱ्याला जेवण जात नाही, तसं मुरारीचं झालं.

आता हे मामा कोण, आणि त्यांना गाडीवर बसवण्यात एवढं काय आहे, ते आधी सांगायला हवं. मामा म्हणजे मुरारीचे सासरे दत्ताराम. राहायला वरंधला. उभा जन्म एसटीत ड्रायव्हर म्हणून गेला, आणि सगळा घाटात गेला. डिझेल वाचवल्याबद्दल त्यांना एकदा शाल आणि नारळ मिळाला होता. नारळाची चटणी झाली, शाल अजून कपाटात आहे, पण त्या दिवसापासून दत्तारामांच्या डोक्यात माणूस मोजायचं एकच माप शिल्लक राहिलं. मुलगी बघायला आलेल्या मुलाला लोक पगार विचारतात, शेती विचारतात, दारू पितो का विचारतात. दत्तारामांनी आपल्या दोन्ही होणाऱ्या जावयांना पहिला प्रश्न विचारला होता, "गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?"

थोरल्या श्रुतिकाचा नवरा किशोर. महाडला राहतो, एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत आहे. धाकट्या सेजलचा नवरा आपला मुरारी. पोलादपूरला शाळेत क्लार्क, घर पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीत. दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच आठवड्यात एकाच शोरूममधून घेतलेल्या. रंगसुद्धा तोच. पण दिवाळीला दत्तारामांनी विचारलं की किशोर पाय पसरून म्हणायचा, "त्रेसष्ट." आणि मुरारी म्हणायचा, "मोजला नाय मामा, बघायला पायजे."

मोजला कसा नाही! दर टाकीला मोजायचा. पण आकडा सांगण्यासारखा नव्हता.

दर जानेवारीत रिटायर झालेल्या ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींचा पाचाडला मेळावा असतो. गडाच्या पायथ्याच्या एका खानावळीत जेवण, आणि मग कोणी कुठल्या घाटात काय केलं याच्या गप्पा. दत्ताराम तिथे जावयाच्या गाडीवर मागे बसून जातात. गेली चार वर्षं तो जावई म्हणजे किशोर. उतरल्याबरोबर दत्ताराम सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, "हे आमचे थोरले जावई. लिटरला त्रेसष्ट." मग सगळे म्हातारे ड्रायव्हर किशोरकडे देवाकडे बघावं तसं बघतात. मुरारी मागून एकटा आपल्या गाडीवर येतो, हँडलला सासूबाईंनी दिलेला आंबोळ्यांचा डबा अडकवून. पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्याने त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही जेवणवाल्यांकडचे का? जरा कोशिंबीर आणा."

मुरारीने कोशिंबीर आणून दिली. काय करणार! पण त्या दिवसापासून तो जो जळायला लागला, तो थांबलाच नाही. किशोरचा नवा शर्ट दिसला की जळायचा. किशोरचे केस अजून काळे आहेत म्हणून जळायचा. किशोरला सर्दी झाली तरी जळायचा, कारण सासूबाई त्याच्यासाठी काढा पाठवायच्या. आपण जळतो हे त्याला कळत होतं, आणि वाईट वाटण्याऐवजी त्याला अजून राग यायचा, तोही किशोरचाच.

त्यातच ते इथेनॉल आलं. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळतात हे सगळीकडे झालं आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषय उरला नाही. कोणाची गाडी पाच किलोमीटरने उतरली, कोणाची सातने. एक सर तर म्हणाले की त्यांची स्कूटर आता सकाळी उठायलाच तयार नसते. मुरारीची गाडी सत्तावन्न द्यायची, ती बावन्नवर आली.

त्याने दिवाळीत मुद्दाम किशोरला विचारलं, "काय किशोरराव, ह्या नव्या पेट्रोलनं उतरला असेल ना तुमचा पण?"

"नाय बा," किशोर करंजी खात म्हणाला. "त्रेसष्ट."

दत्तारामांनी मान डोलवली. सेजल तिकडे बहिणीशी बोलत होती, पण तिचं लक्ष इकडे होतं हे मुरारीला तिच्या पाठीवरून कळलं. त्या रात्री त्याला करंजी पचली नाही.

आता तुम्हीच विचार करा. दोघांची गाडी एक. पंप एकाच हायवेवरचे. एकाची उतरते, दुसऱ्याची जागची हलत नाही. सरळ मनाचा माणूस म्हणेल की दुसरा थापा मारतोय. पण जळणाऱ्या माणसाला समोरचा खोटं बोलत असेल असं कधी वाटत नाही. त्याला वाटतं, समोरच्याकडे काहीतरी आहे जे आपल्याकडे नाही. मुरारीने रात्रभर डोकं चालवून शोध लावला. किशोर केमिकलच्या कंपनीत आहे. म्हणजे हा पठ्ठ्या पेट्रोल कंपनीत नेतो, त्यातलं इथेनॉल गुपचूप काढून टाकतो आणि निव्वळ पेट्रोलवर गाडी चालवतो!

"किशोर काढू शकतो तर मी का नाय?" त्याने आरशाला विचारलं. आरसा काही बोलला नाही, पण मोबाईल बोलला. मोबाईलवर एक माणूस हिंदीत सांगत होता की पेट्रोलात पाणी घालून हलवलं की इथेनॉल पाण्यात उतरतं, पाणी खाली बसतं आणि वर शुद्ध पेट्रोल तरंगतं. मुरारीने तो व्हिडिओ इतक्या वेळा बघितला की शेवटी तो माणूस त्याला घरचा वाटायला लागला. (तुम्ही असलं काही करू नका. पुढे काय झालं ते ऐका, म्हणजे करणारही नाही.)

मेळाव्याच्या आधीच्या रविवारी संधी आली. सेजल सकाळीच देवळात गेली होती. वाडीत बायकांचं दारूबंदीचं मंडळ आहे आणि सेजल त्याची सचिव. अध्यक्ष साळूबाई. साळूबाईंनी ओढ्याकाठच्या दोन हातभट्ट्या बंद पाडल्या त्या नुसत्या वासावरून. पोलिसांना जे सापडत नव्हतं ते साळूबाईंच्या नाकाला घरबसल्या सापडायचं.

मुरारीने आदल्या दिवशी कॅनमधून आणलेलं पेट्रोल काढलं. मग स्वयंपाकघरात जाऊन सेजलच्या लोणच्याच्या काचेच्या तीन मोठ्या बरण्या उचलल्या. परड्यात, गवताच्या उडवीआड बसला. नाकाला रुमाल बांधला. बरण्यांत पेट्रोल ओतलं, वर पाणी ओतलं, झाकण लावून हलवलं आणि थांबला. आणि काय सांगू, खरंच दोन थर झाले. वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ पाणी. मुरारीला इतका आनंद झाला की त्याने बरणीला हात जोडले. मग एक प्लास्टिकची नळी घेऊन तो खालचं पाणी बादलीत सोडायला लागला. बादलीतून स्पिरिटचा असा भपकारा सुटला की शेजारची कोंबडी उठून लांब गेली.

आता परडं जिथे संपतं तिथून चार पावलांवर सोमजाईचं देऊळ. देवळात मंडळाची सभा. आणि वारा परड्याकडून देवळाकडे.

साळूबाई बोलता बोलता मध्येच थांबल्या. नाक वर केलं.

"बायांनो," त्या म्हणाल्या, "कुठंतरी चालू झालीय."

पुढच्या क्षणी सगळं मंडळ उठलं आणि वासाच्या मागे निघालं. सगळ्यात पुढे साळूबाई, त्यांच्या मागे हातात सभेची वही घेतलेली सेजल. वास ज्या बाजूने येत होता ती बाजू आपल्या घराची आहे हे अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं, पण आता मागे फिरायची सोय नव्हती.

उडवीआड त्यांना दिसलं ते असं. नाकाला फडकं बांधलेला मुरारी, पुढ्यात तीन बरण्या, तोंडात नळी, आणि बादलीतून येणारा तो वास.

"अगो बाई," कोणीतरी म्हणालं. "सचिवाच्याच घरात."

"मुरारी, काय हाय रे हे?" साळूबाईंनी विचारलं.

मुरारीने नळी तोंडातून काढली. "पेट्रोल हाय, साळूकाकी. दारू नाय."

साळूबाईंनी वाकून बादलीचा वास घेतला. "ह्यात दारू नाय?"

इथे मुरारी खोटं बोलला असता तर सुटला असता. पण तो क्लार्क माणूस, चुकीची नोंद त्याला खपत नाही. "बादलीत... तशी म्हटली तर दारूच हाय. पण ती मी केली नाय. ती पेट्रोलात असतेच. वरूनच घालून येते. मी ती बाहेर काढतोय."

"म्हणजे पेट्रोलातनं दारू काढतोस?"

"हो. म्हणजे, नाय. म्हणजे, हो."

"आजवर गुळाची बघितली, नवसागराची बघितली," साळूबाई मंडळाकडे वळून म्हणाल्या. "पेट्रोलाची पहिल्यांदाच बघितली. शिकलेला माणूस हाय ना, त्याची भट्टी पण शिकलेली."

मग सेजल बोलली, आणि अगदी हळू बोलली, त्यामुळे मुरारीला जास्त भीती वाटली. "त्या माझ्या लोणच्याच्या बरण्या हायत."

बायकांनी बादली आणि बरण्या, सगळं परड्यात लांब ओतून टाकलं. तिथे सेजलची मिरचीची रोपं होती. ती आठवड्याभरात गेली, पण तो हिशेब नंतर झाला. आधी मुरारीला देवळात नेलं.

मंडळाची रीत ठरलेली आहे. ज्याच्यावर आळ येतो त्याला ते पोलिसात देत नाहीत. सोमजाईच्या पायरीवर हात ठेवायचा आणि सगळ्यांसमोर खरं सांगायचं, काय केलं आणि कशासाठी केलं. बस्स. शिक्षा काही नाही. पण त्या पायरीवर हात ठेवून आजवर कोणी खोटं बोललेलं नाही. भलेभले दारुडे तिथे लहान मुलासारखे रडलेत.

मुरारीने पायरीवर हात ठेवला. दगड गार होता. समोर सगळी वाडी जमली होती, कारण असल्या बातमीला कोणाला निरोप पाठवावा लागत नाही.

"सांग," साळूबाई म्हणाल्या. "कशासाठी केलंस?"

मुरारीने सेजलकडे बघितलं. तिने नजर दुसरीकडे वळवली. मग त्याचा बांध फुटला.

"साडूसाठी केलं. माझ्या साडूची गाडी त्रेसष्ट देते. माझी बावन्न देते. मी त्याच्यावर जळतो. चार वर्षं झाली जळतोय. मामा त्याच्याच गाडीवर बसतात आणि मी मागनं आंबोळ्या घेऊन जातो. एकदा, निदान एकदा, मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवून हा माझा जावई म्हणावं, म्हणून केलं."

दारू पितो, विकतो, भट्टी लावतो, हे सगळं त्या पायरीने ऐकलं होतं. अ‍ॅव्हरेजचा कबुलीजबाब पहिलाच होता. मग मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता सगळं देऊळ हसायला लागलं. साळूबाई तर खांबाला धरून बसल्या. सेजल हसली नाही. तिने पदराने डोळे पुसले, पण ते हसून आलेलं पाणी होतं की दुसरं, हे मुरारीला कळलं नाही.

एका पोरीने हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. दुपारच्या जेवणाआधी ते वरंधला पोचलं.

संध्याकाळी गाडीचा आवाज आला. किशोरच्या गाडीवरून दत्ताराम उतरले. किशोर हेल्मेट काढायच्या आधीपासूनच हसत होता. "काय मुरारीशेठ, भट्टी कुठं हाय? दाखवा की जरा."

मुरारीला वाटलं, जमीन फाटावी आणि तिने किशोरला गिळावं.

दत्ताराम मात्र हसत नव्हते. ते ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बावन्न?"

"हो मामा," मुरारी खाली मान घालून म्हणाला.

"इथेनॉलनं दोन-चार गेले असतील. बाकीचे तुमच्या हातानं गेले, जावईबापू. चेन सुकलेली दिसतेय, हवा पण कमी हाय." मग त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "पण खरं बोललात. देवीसमोर बोललात."

आणि ते किशोरकडे वळले. "आता तुम्ही."

"मी कशाला, मामा?" किशोर अजून हसत होता.

"देऊळ इथंच हाय. पायरी पण तीच हाय."

किशोरचं हसू जरा आखडलं. पण सासऱ्यांपुढे नाही कसं म्हणणार? साळूबाई तर बोलावल्यासारख्या हजर होत्याच. सगळे परत देवळात गेले. किशोरने पायरीवर हात ठेवला. एकदा देवीकडे बघितलं, एकदा दत्तारामांकडे बघितलं, मग मुरारीकडे जरा जास्त वेळ बघितलं. आणि एकाएकी त्याचा चेहरा अगदी मोकळा झाला.

"एकोणपन्नास," तो म्हणाला.

"किती?"

"एकोणपन्नास, मामा. गर्दीत पंचेचाळीस पण देते. त्रेसष्ट कधीच दिला नाय. गाडी घेतली त्या दिवशी शोरूमवाल्यानं सांगितला होता, तोच मी सांगत आलो."

मुरारीच्या छातीत काय झालं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. बावन्न आणि एकोणपन्नास! तीनने पुढे! चार वर्षं तो पुढेच होता आणि चार वर्षं कोशिंबीर आणत होता. त्याने सेजलकडे बघितलं, आणि या वेळी ती त्याच्याकडे बघून चांगली हसली.

दत्तारामांचा आवाज चढला. "अ‍ॅव्हरेज कमी असू शकतो. तो माणसाचा दोष नाय, घाटाचा असतो. पण खोटा आकडा सांगायचा? तुमच्या गाडीवर मी आता पाय ठेवणार नाय. पाचाडला मी मुरारीरावांबरोबर जाईन."

किशोरला लाज वाटायला हवी होती. पण दहावीचा शेवटचा पेपर देऊन आलेल्या मुलासारखा तो उड्या मारायचाच काय तो बाकी होता. त्याने आपल्या गाडीला अडकवलेलं दुसरं हेल्मेट काढलं आणि मुरारीच्या हातात दिलं. "हे ठेवा. मामांच्या मापाचं हाय," तो म्हणाला आणि कोणी थांबवायच्या आत गाडी काढून निघूनही गेला. दत्तारामांना त्या रात्री मुरारीकडेच मुक्काम करावा लागला.

मेळाव्याच्या दिवशी मुरारीने नवा शर्ट घातला, चेनला तेल लावलं, हवा भरली आणि पहाटेच वरंधला गेला. दत्ताराम मागे बसले. दत्तारामांचं वजन नव्वदच्या वर आहे. गाडी मागून अशी दबली की पुढचं चाक हलकं झालं. तरी मुरारी खुशीत होता. गाव सुटेपर्यंत सासऱ्यांनी त्याला "जावईबापू" म्हटलं.

गाव सुटलं आणि पाठीवर एक थाप बसली. "गिअर टाक रे."

मुरारीला वाटलं, चुकून झालं असेल.

"क्लच पूर्ण सोड. चाळीसच्या वर जायचं नाय. अरे, ब्रेक कशाला मारलास? लांबूनच दिसत होतं ना ते वळण? ब्रेक मारलास म्हणजे पेट्रोल रस्त्यावर ओतलंस."

थाप. थाप. महाड येईपर्यंत मुरारीची पाठ नगाऱ्यासारखी झाली. त्याला मागून सायकलवाल्याने ओव्हरटेक केलं. बैलगाडीने केलं नाही, पण बैलाने वळून बघितलं. दत्तारामांनी वाटेत तीन एसटी स्टँडवर थांबायला लावलं, आणि तिन्ही ठिकाणी गाडी पुन्हा चालू करताना पेट्रोल कसं वाया घालवलं ते समजावून सांगितलं. पाचाडला पोचले तेव्हा लोकांची जेवणं अर्ध्यावर आली होती.

पण दत्ताराम उतरले. त्यांनी सगळ्यांसमोर मुरारीच्या पाठीवर, म्हणजे जिथे दुखत होतं नेमकं तिथेच, हात ठेवला. "हे आमचे धाकटे जावई. लिटरला बावन्न. खरा बावन्न."

म्हाताऱ्या ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "खरा सांगणारा आज मिळतो कुठं?" मुरारीचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, आता आयुष्यात काही मागायचं राहिलं नाही. समोरून कोणीतरी त्याच्यासाठी कोशिंबीर घेऊन आलं, तेव्हा तर त्याने दोनदा वाढून घेतली.

जेवण झाल्यावर दत्ताराम सुपारी कातरत म्हणाले, "बरं झालं, आता माणूस सापडला. किशोर आपला चार वर्षं मला घेऊन फिरायचा, पण खोटारडा निघाला. आता दर गुरुवारी महाडला गुडघ्याचा डॉक्टर, तो तुझ्याकडं. लग्नं, बारशी, कोणाच्या दहाव्याला जाणं, सगळं तुझ्याकडं. आणि उन्हाळ्यात भोरला बहिणीकडं जायचं हाय, वरंधा घाटातनं. घाट कसा उतरायचा ते तुला नीट शिकवतो."

मुरारीच्या घशात सुपारी अडकली. त्याने अजून खाल्लीही नव्हती.

परतीच्या वाटेवर तो चाळीसने चालला होता. इतक्यात मागून हॉर्न वाजला. किशोर. मागे श्रुतिका बसलेली, ओढणी वाऱ्यावर उडतेय, दोघं कशावर तरी मनमोकळं हसतायत. किशोरने साठच्या वेगाने बाजूने जाताना हात वर केला, ब्रेक मारला, वळणावर पुन्हा गाडी पळवली, पेट्रोल मन मानेल तसं उडवलं आणि दिसेनासा झाला. त्याच्या पाठीला कोणाचाही हात लागत नव्हता.

मुरारी चार वर्षं जळला होता, पण इतका कधीच नाही. त्याच्याही नकळत त्याच्या हातातला अ‍ॅक्सिलरेटर जरा पिळला गेला.

पाठीवर थाप बसली.

"चाळीस, रे. चाळीस."